रामटेक्यांची मंडळी

रामटेके कोणाच्याही घरी आले की आधी संडासात डोकावायचे. वापरायला नाही, तपासायला. कोपऱ्यात ॲसिडची बाटली दिसली की त्यांचा चेहरा पडायचा. "मॅडम, हे कोणासाठी जी?" असं ते मला अगदी हळू आवाजात विचारायचे. मग चहा येईपर्यंत मला ऐकून घ्यावं लागायचं, की माझ्या त्या एका बाटलीनं खाली किती मंडळींचा जीव गेला.

मंडळी म्हणजे जिवाणू. सांडपाण्यातली घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे. हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. घरच्या माणसांना कोणी जिवाणू म्हणतं का?

खराडीतल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मी शाळेत गणित शिकवत होते, आणि दुसरं कोणी तयार होईना म्हणून सोसायटीची चिटणीसही होते. चिटणीस म्हणजे टँकरवाल्याला फोन करणारी बाई. समोरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आमच्याकडे सॉफ्टवेअरमधली पोरं भाड्यानं येत होती, आणि नळाला पाण्यापेक्षा वाराच जास्त येत होता. रामटेक्यांचं म्हणणं साधं होतं. मागच्या गटारात पाणी सोडून देता आणि पुढच्या फाटकातून विकत घेता, तुम्ही शिकलेली माणसं आहात न?

ते मूळचे भंडाऱ्याकडचे, शिकून इंजिनियर झालेले. पंपाच्या कारखान्यात कायमची नोकरी होती, ती त्यांनी सोडली. छोट्या उद्योजकांनी शेती आणि पर्यावरणासाठी काही नवं शोधावं म्हणून सरकारनं तेव्हा एक योजना काढली होती. पहिल्या टप्प्याचं अनुदान कल्पनेवर मिळायचं, दुसऱ्या टप्प्याचं समितीला काम दिसलं तरच. पहिला टप्पा मंजूर झाला तेव्हा रामटेक्यांनी गॅलरीत 'रामटेके पर्यावरण तंत्र' अशी पाटी लावली. कंपनीचे मालक, शास्त्रज्ञ आणि शिपाई तेच. तळमजल्यावरचे जोशी पाटी वाचून म्हणाले, "गटार ओळखायला आजवर नाक पुरत होतं. आता तंत्र लागतं म्हणे."

इमारतीमागे रामटेक्यांनी विटांची टाकी बांधली. तिच्यात भाजीवाल्यांचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचले, आणि क्रेटमध्ये खडी भरली. वरून सांडपाणी सोडायचं, ते खडीवरून झिरपत खाली येणार. एकदा त्यांनी ओला दगड माझ्या हातात दिला. तपकिरी, बुळबुळीत, शिसारी आणणारा.

"अंगठ्यानं पाहा जी," ते म्हणाले. "हा जो थर हाय न, हीच मंडळी. एवढी जमायले अख्खा पावसाळा गेला. ही गेली तर उरते नुसती खडी."

रोज सकाळी ते मंडळींना गुळाचं पाणी घालत. मंडळी जेवल्याशिवाय स्वतः जेवत नसत. लग्नाला, बारशाला, कुठेही गेले तरी दुपारी परत, कारण "मंडळी उपाशी राहतीन." आम्ही हसायचो. पण टाकीच्या खालच्या तोटीतून पाणी खरोखरच नितळ यायला लागलं. त्यावर त्यांनी लावलेली कर्दळ माणसाएवढी झाली. नदीकाठचे भाजीवाले नदीचं काळं पाणी उपसून पालक पिकवतात, त्यांच्या प्रत्येकाच्या बांधावर अशी टाकी उभी करायची, हे त्यांचं स्वप्न होतं. त्यासाठीच दुसरा टप्पा हवा होता. नोकरीतली शिल्लक संपत आली होती. दुसरा टप्पा नाही तर सगळंच नाही.

सगळ्या सोसायटीला हे त्यांनी दगड हातात देऊन समजावलं. फक्त स्वतःच्या बायकोला, वहिनींना, नाही.

वहिनींना त्या टाकीची शरम वाटायची. त्या कधी मागच्या बाजूला फिरकल्या नाहीत. एकदा माझ्याकडे विरजण मागायला आल्या तेव्हा एकाएकी बोलल्या, "माझ्या सासऱ्यानं नगरपालिकेच्या गटारात उतरून यांले शिकवलं जी, का पोरगा त्याच्यातून बाहेर पडावा. अन् हे शिकून सवरून पुन्हा तिथंच जाऊन बसले." माहेरी कोणी विचारलं तर त्या अजून पंपाचा कारखानाच सांगायच्या. रामटेक्यांनाही हे ठाऊक होतं. घरात ते टाकीचा विषय काढत नसत. फिनेल आणायचं नाही, एवढंच एक त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं, आणि ती ते पाळत आली होती.

मग थंडीच्या दिवसांत समितीचं पाहणीला यायचं ठरलं. पाहणीआधी रामटेक्यांना दोन दिवस मुंबईला बोलावलं होतं, तिथून साहेबांच्याच गाडीतून ते परतणार होते. मंडळींना दोन दिवसांचं गुळाचं पाणी एकदम घालून ते गेले. मोठे साहेब आपल्या दारात येणार, आपल्या नवऱ्याचं काम बघायला, हे ऐकून वहिनींमध्ये काय बदललं देव जाणे. माझ्याकडून चांगला कपांचा सेट घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "एवढे मोठे लोक येतात, म्हणजे काही असंन जी त्याच्यात."

पाहणीच्या दिवशी मी शाळेतून लवकर निघून सोसायटीत आले आणि मागच्या बाजूला गेले. क्रेट उन्हात ओळीनं मांडले होते. एकेक दगड पांढरा लख्ख, देवघरातल्या भांड्यांसारखा. वहिनी ठेवणीतल्या लुगड्यात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"फिनेलचा थेंब नाही वापरला बरं का मॅडम, यांले चालत नाही न. नुसतं उकळतं पाणी अन् काथ्या. दोन दिवस घासून राहिली."

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली.

रामटेके साहेबांच्या पुढे लगबगीनं आले. आले आणि थबकले. एक दगड उचलून त्यांनी सवयीप्रमाणे अंगठा फिरवला. मग दुसरा. मी आयुष्यात इतकं हताश काही पाहिलेलं नाही. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरीसारख्या. रामटेक्यांनी बायकोच्या लाल हातांकडे पाहिलं, दगड जागच्या जागी ठेवला आणि म्हणाले, "लय छान केलं."

क्रेट पुन्हा रचले, वरून पाणी सोडलं. खाली तोटीतून आलं ते काळंच. साहेबांनी रुमाल नाकाला लावून विचारलं, हे असं कसं? अहवालात तर नितळ पाणी दाखवलंय.

मला वाटलं, आता सांगतील. तीन-चार महिन्यांची मुदत मागतील. समिती काही वैरी नव्हती, दिलीही असती.

"सर, पद्धतीतच खोट आहे," रामटेके कागदी मराठीत म्हणाले. "थंडीत टिकत नाही. चूक माझी आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं. वहिनींनी पोहे आणले, सगळ्यांनी खाल्ले.

दुसरा टप्पा नामंजूर झाला. पाटी उतरली. रामटेक्यांनी चाकणला एका ठेकेदाराकडे पंपदुरुस्तीची नोकरी धरली. उरलेली गुळाची ढेप ते मला द्यायला आले, म्हणाले, आता खाणारं कोणी नाही. मला राहवलं नाही. मी चिडूनच विचारलं, खरं का नाही सांगितलंत?

त्यांनी माझ्या संडासाच्या दाराकडे पाहिलं.

"तिनं पहिल्यांदा माझ्या कामाले हात लावला मॅडम," ते म्हणाले. "त्या हातानंच ते मेलं, हे तिले कोणत्या तोंडानं सांगू? तुम्हीबी नका सांगू जी."

मी सांगितलं नाही. टँकर रोज येतच राहिले, पुढे दोन-दोन यायला लागले. जोशींनी टाकी पाडायचा ठराव आणला, तो मी दर सभेत पुढे ढकलत राहिले. चिटणिशीचा तेवढाच उपयोग झाला.

एका रविवारी सकाळी मागून घासण्याचा आवाज आला म्हणून खिडकीतून वाकून पाहिलं. वहिनींनी क्रेट पुन्हा उन्हात काढले होते. साहेब लोक पुन्हा कधी आले तर काम तयार असावं, हा त्यांचा हिशेब. पाटावर बसून एकेक दगड काथ्यानं घासत होत्या आणि नवऱ्याला धीर देत होत्या, की या वेळी थंडी नाही, या वेळी नक्की जमेल.

रामटेके शेजारी उकळत्या पाण्याची बादली धरून उभे होते. "जपून," ते म्हणत होते. "हात भाजतीन तुझे. थांब, मी ओततो."