सवतीचे ब्रेक

हणमंतरावांनी आंघोळीला जाण्यापूर्वी गाडीची पुढची दोन्ही चाकं काढून ठेवली होती, आणि आंघोळ करून येतात तो पान्यांची पेटीच गायब! गाडी ठोकळ्यांवर, नवे ब्रेक पॅड पायरीवर, आणि अकरा वाजता गिऱ्हाईक येणार.

"अगं, माझे पाने कुठं गेले?"

"पूजेत," सकवारबाई देवघरातून म्हणाल्या. "खंडेनवमी आहे की आज. हळदकुंकू लावून झालं. आता उद्या दसऱ्यालाच उचलायचे."

हणमंतरावांनी कपाळावर हात मारला. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्यांच्या दारात ती लाल, दोन माणसांची जुनी स्पोर्ट्‌स कार त्यांच्या लग्नाआधीपासून उभी होती. सकवारबाई तिला सवत म्हणत. "मी जेवले का, हे विचारणार नाहीत, पण सवतीचं तेल रोज बघतील," हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. आता मुलगा गिरीराजनं कोरमंगलाच्या एका तरुणाशी सौदा ठरवला होता. वडिलांची कंबर धरते, गाडी धूळ खाते. त्याचंही खोटं नव्हतं. हणमंतरावांनी जड मनानं शब्द दिला होता. पण द्यायची तर ब्रेक ठणठणीत करूनच द्यायची, हा त्यांचा हट्ट.

"अप्पा, शेजारून आणा की पाना!" गिरीराज म्हणाला.

शेजारच्या रघुजींच्या पान्याला झेंडूची माळ होती. कोपऱ्यावरच्या गुंडोच्या गॅरेजात तर हवा भरायच्या पंपालाही गंध लागलेलं. गुंडोनं त्यांच्या हातावर चुरमुरे ठेवले.

"एकच पाना दे रे. स्वल्प काम आहे."

"अय्यो अण्णा! आज हत्यार उचललं तर वर्षभर गिऱ्हाईक फिरकायचं नाही. उद्या या, सरी?"

चुरमुरे चघळत हणमंतराव परतले. मल्लेश्वरमात पाने काय कमी होते? पण सगळे सुट्टीवर.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच. प्रणीत, मूळचा पुण्याचा. अडचण ऐकून तो हसला.

"नो प्रॉब्लेम, काका! माझ्या डिकीत टूलकिट आहे."

"तुम्ही पूजा नाही केली?" सकवारबाईंनी घाईघाईनं विचारलं.

"काकू, मी पीजीत राहतो. तिथे पूजेला लिंबूसुद्धा मिळत नाही."

हणमंतराव कामाला लागले. जुने पॅड निघाले, नवे बसले. कॅलिपर, म्हणजे चाकामागच्या तबकडीवर पॅड आवळणारी लोखंडी पकड, जागेवर आली. आता राहिल्या तिच्यात पॅड अडकवणाऱ्या नव्या पिना; जुन्या पार झिजल्या होत्या. पाकिटात चार होत्या. पायरीवर सापडल्या तीन.

गिरीराज गाडीखाली आडवा झाला. प्रणीतनं मोबाईलचा उजेड पाडला. सकवारबाईंनी तुळशीची कुंडीसुद्धा हलवून पाहिली. स्वतःची कानातली कुडी हरवली तेव्हाही त्यांनी एवढी कळकळ दाखवली नव्हती.

"तीन पिनांवर चालेल ना, काका?"

"चालेल रे, पण थांबायला नको का? उद्या तुझ्या आईला मी काय सांगू?"

प्रणीतला दुपारी इलेक्ट्रॉनिक सिटीत दुसरी एक गाडी बघायची होती. केशरीभात खाऊन तो गेला, आणि संध्याकाळी त्याचा निरोप आला: तीच घेतली. गिरीराज चरफडला. हणमंतरावांनी "अरेरे" म्हटलं खरं, पण चेहरा काही साथ देईना. शेवटी ते तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी सकवारबाईंनी पान्यांची पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि बन्नीची, म्हणजे शमीची, पानं हातावर दिली. "सोनं घ्या."

पानांखाली काहीतरी टोचलं. हणमंतरावांनी पानं बाजूला केली. पिन होती. कुंकू लावलेली.

"सकवार! ही तुझ्याकडे कशी?"

"पूजेत होती," त्या शांतपणे म्हणाल्या.

"आणि काल कुंड्या कुणी हलवल्या? अगं, जन्मभर तिला सवत सवत म्हणून बोटं मोडलीस..."

"सवत असली म्हणून काय झालं? एवढी वर्षं घरात काढलेली बाई, तिला पीजीत धाडायची?"

हणमंतरावांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

"पुरे आता. ती पिन बसवा, मी साडी बदलून येते," सकवारबाई आत जाता जाता म्हणाल्या. "आणि ब्रेक स्वल्प नीट दाबून बघा. आज शेजारी मी बसणार आहे."