पहिल्या नंबरचं गाणं

अण्णा पाटलांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. माझी नाडी धरली.

मी नुकताच बदली होऊन श्रीवर्धनला आलो होतो. बँक जवळ पडते म्हणून अण्णांच्या वाडीला लागून असलेली दोन खोल्यांची जागा घेतली होती. सकाळी स्कूटर पुसता पुसता काहीतरी गुणगुणत होतो, तोच कुंपणावरून एक हात आला आणि त्याने माझं मनगट पकडलं.

"थांबू नका," हाताचा मालक म्हणाला. "पुढचं कडवं घ्या."

पुढचं कडवं मला येत नव्हतं. त्यांनी मनगट सोडलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी पाव किलोच्या वजनाला खालून भोक पाडणारा व्यापारी आहे.

"गाणं आवडतं, पण येत नाही. मग आवडतं कशावरून?"

मी फडकं झटकलं आणि स्कूटरला किक मारली.

अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी तराजू, वजनं आणि रॉकेलची मापं तपासण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर सुपारीच्या वाडीत निवांत बसावं, तर त्यांनी गाणी तपासायला घेतली. सगळ्यात थोर लोकप्रिय गाणं कुठलं, यावर लोक चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत भांडतात, पण मोजून कुणी बघत नाही, हे त्यांचं दुखणं. मी कधी "पण अण्णा, शेवटी ज्याची त्याची आवड," असं म्हणायला गेलो की ते तळहात उभा करायचे. "बँकवाले, आवड बाजूला ठेवा. माप सांगा."

मापं त्यांनी स्वतः तयार केली होती. एक कुकरची कसोटी. गाणं लावायचं, मध्येच कुकरची शिट्टी होऊ द्यायची, आणि शिट्टीनंतर ऐकणारा आपोआप पुढची ओळ म्हणतो का ते बघायचं. एक विसराळूची कसोटी. शब्द काढून नुसतं ला-ला करून म्हटलं तरी गाणं ओळखू येतं का? पुरुषांची नाडी बघायची. बायकांची धरता येत नाही, म्हणून त्यांचे पाय बघायचे, तेही लांबून. गुण खडूने पाटीवर लिहायचे आणि जरा शंका आली की शर्टाच्या बाहीने पुसून टाकायचे. त्यामुळे अण्णांची उजवी बाही कायम पांढरी असायची आणि पाटी कायम कोरी.

एका रविवारी ते मला दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर घेऊन गेले. "बोटीतून माणूस उठून जाऊ शकत नाही," हा त्यामागचा विचार. मोबाइलला छोटा स्पीकर जोडून त्यांनी गाणी लावली आणि बाकड्यावर बसलेल्यांचे पाय निरखू लागले. पहिल्याच गाण्याला सगळ्यांचे पाय हलायला लागले. अण्णा हरखले. दुसऱ्यालाही हलले. तिसरं गाणं तर अगदीच रडकं होतं, तरी हलले. शेवटी न राहवून मी म्हटलं, "अण्णा, इंजिनाने हलतायत. माझेही हलतायत."

अण्णांनी आपल्या पायांकडे पाहिलं. बाही पाटीवर फिरली.

शेजारी मासळीची टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. तिने विचारलं, "काय चाललंय दादा तुमचं?" अण्णांनी मनापासून समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मघाशी नाचाचं लावलं होतं ना, ते बंद करत जा. मला रडायला येतं."

"नाचाच्या गाण्याला?"

"माझा नवरा गेला त्या दिवशी बाजूच्या घरात हळद होती. त्यांना तरी काय ठाऊक? बेंजोवाल्यांनी तेच धरलं होतं. आता कुठं लग्नात वाजलं तरी मी उठून बाहेर जाते."

अण्णा खडू हातात धरून बसून राहिले. आगरदांडा आलं, लोक उतरले, कोळीण टोपली डोक्यावर घेऊन गेली. अण्णांनी मला हळूच विचारलं, "हे कुठं लिहायचं, बँकवाले? नाचायच्या खान्यात की रडायच्या?"

मला काय माहीत! मी कर्जाची प्रकरणं बघतो.

तरीही गावात अण्णांच्या मापाचा बोलबाला झाला होता. वाचनालयाच्या वर्धापनदिनी सर्वश्रेष्ठ गाणं त्यांनीच जाहीर करावं, असं ठरलं. तोवर चाळून चाळून दोन गाणी उरली होती. एक संथ भावगीत, त्याच्या बाजूने निवृत्त शिक्षकमंडळी. दुसरं ठसकेबाज, त्याच्या बाजूने बेंजो पार्टीवाले आणि बाकीचं सगळं गाव. सभागृहात दोन्ही गट समोरासमोर बसले होते. "आज लागू दे एकदाचा निकाल," असं म्हणत अध्यक्षांनी माइक अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी आधी भावगीत लावलं. सभागृह गप्प झालं. शिक्षकमंडळींतल्या जोशीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग दुसरं लावलं. मागच्या रांगा उठून नाचायला लागल्या आणि आश्चर्य म्हणजे जोशीबाईही बसल्या जागी टाळ्या वाजवू लागल्या. मी अण्णांकडे पाहिलं. ते गाण्याकडे लक्षच देत नव्हते. ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते. जत्रेत हात सुटलेलं पोर जसं प्रत्येक माणसाकडे बघतं, तसे.

गाणं संपलं. अण्णा माइकमध्ये म्हणाले, "माप लागत नाही," आणि खाली उतरले.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, वजन कमी पडलं का?" अण्णा चपला शोधून चालायला लागले. मी मागोमाग गेलो. किनाऱ्यावर ऊन उतरत आलं होतं. ते वाळूत बसले, मीही बसलो. त्यांनी बाहीवरचा खडू झटकला. मग विचारलं, "गाणं सुरू झालं की तुम्हा लोकांना नक्की काय होतं हो?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"मला काही होत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून. शब्द वेगळे आहेत एवढं कळतं. शब्द काढले की भावगीत काय न् बेंजो काय, मला दोन्ही सारखंच. कुणीतरी भांडी हलवतंय असं वाटतं."

"मग अण्णा, हा सगळा खटाटोप कशासाठी?"

त्यांनी वाळूत बोट फिरवलं. "लग्न नवीन होतं. सुलभाने मला एक गाणं म्हणून दाखवलं. म्हणून म्हणजे, गुणगुणून. शब्द नव्हते. विचारलं, कसं वाटलं? आता काय सांगणार? मी म्हटलं, पहिल्या नंबरचं. अशी खूश झाली ती! मी आयुष्यात कधी न तपासता शिक्का मारला नव्हता, बँकवाले. तेवढा एकच मारला. म्हटलं, मरायच्या आधी बघावं तरी, ते खरंच पहिलं आहे का."

"मग ते गाणं मोजलंत?"

"कुठलं होतं तेच कळलं नाही ना मला! अजून गुणगुणते काहीतरी सकाळी सुपारी सोलताना. तेच आहे की दुसरं, कुणाला ठाऊक. तिला विचारलं तर तिला कळेल की मला त्या दिवशीही कळलं नव्हतं." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही येऊन ऐकाल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. सुलभावहिनी अंगणात वाळलेल्या सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. मी कान देऊन ऐकलं. सूर वर गेला, मध्येच घसरला, भलत्याच ठिकाणी पुन्हा वर गेला. जितकी गाणी आठवली तितकी मनातल्या मनात लावून बघितली. एकही बसेना. वहिनी इतक्या बेसूर होत्या, की ते एक गाणं होतं की पाच, हेही सांगता येईना. खांबाआडून अण्णा भुवया उडवून विचारत होते, कुठलं?

मी नाही म्हणून मान हलवली. ते हिरमुसले आणि चहा आणायला आत गेले.

मी धीर करून विचारलं, "वहिनी, हे कुठलं गाणं?"

त्या लाजल्या. "कुठलं न्हाय ओ. माझं मीच जुळवलेलं हाय." मग आत बघून आवाज बारीक केला. "माहेरी मी तोंड उघडलं का समदे कानावर हात ठेवायचे. भाऊ म्हणायचा, मांजर मेली. ह्यांना पहिल्यांदा ऐकवलं तर हे मांडी घालून शेवटपर्यंत बसले. पहिला नंबर म्हणाले."

"खरंच?"

"ह्यांना गाण्यातलं काय बी कळत न्हाय, ते मला त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "पण बसले तर खरे ना? तोवर कोण बसलं न्हवतं."

अण्णा चहा घेऊन आले. वहिनींनी पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली. अण्णा पायरीवर टेकले, हात मांडीवर ठेवले आणि कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. माझा चहा संपला. वहिनी दम घ्यायला थांबल्या.

अण्णांनी थोडं थांबून, जपून विचारलं, "झालं?"

"न्हाय," वहिनी म्हणाल्या, "अजून एक कडवं हाय."

"मग म्हण की," अण्णा म्हणाले आणि नीट मांडी घालून बसले.