गाडीला वास हवा

गाडी किल्लीच्या पहिल्याच फिरकीला सुरू झाली आणि चिरंजीवांच्या तोंडचं पाणी पळालं.

खरं तर आनंदानं उड्या मारायचा प्रसंग. मेव्हणा हातात पाना घेऊन मारतही होता.

"भावजी, ऐकताय ना? आवाजच नाही."

"तेच म्हणतोय," चिरंजीव म्हणाले, "आवाजच नाही. मेलो आपण."

गाडी चिरंजीवांच्या बाबांची होती, आणि ती अशी कधीही सुरू झालेली नव्हती. आधी डॅशबोर्डावरचा चोकचा दांडा ओढायचा, मग किल्ली फिरवायची, मग थांबायचं. मग गाडीशी दोन शब्द गोडीगुलाबीनं बोलायचे, मग दोन शब्द वेगळे बोलायचे. त्यानंतर कुठे ती खोकत, धूर सोडत, सगळ्या गल्लीला पेट्रोलच्या वासाची वर्दी देत जागी व्हायची. कुणी नाक मुरडलं की बाबा ताठ मानेनं म्हणायचे, "गाडी आहे. गाडीला वास हवा." गल्लीतल्या पोरासोरांनाही हे वाक्य पाठ होतं. आई मात्र गाडीत बसायची नाही. तिला बस बरी वाटते, असं घरात सगळे धरून चालले होते.

आई-बाबा लेकीकडे राहायला गेले तेव्हा बाबांनी एकच काम सांगितलं होतं, अधूनमधून गाडीला एक चक्कर मारून आण. चिरंजीवांनी मारून आणली. शेजारी मेव्हणा होता, म्हणजे सूनबाईंचा धाकटा भाऊ. यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं मत होतं, आणि त्या मताला दुसऱ्या कुणाचा पाठिंबा लागत नसे. रेडिएटरात पाणी घालायचं काम चिरंजीवांनी मेव्हण्यावर सोडलं आणि मेव्हण्यानं चिरंजीवांवर. चढावर गाडीनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि इंजिन जाम झालं ते कायमचंच.

चिरंजीवांना अन्न गोड लागेना. बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकच वस्तू. तिचा आवाज, तिचा धूर, तिचे नखरे, सगळ्यांवर त्यांचा जीव. आल्यावर त्यांना काय तोंड दाखवायचं?

"इंजिनच बदलून टाकू," मेव्हणा म्हणाला. "बाबांना पत्ता लागणार नाही."

त्यानं शोधूनही आणलं. एका बऱ्याच नव्या गाडीचं, अपघातात पत्रा चेचलेला पण इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी ते जुन्या गाडीत चपखल बसवलं. ह्या इंजिनाला कार्बुरेटर नव्हता, पेट्रोल किती द्यायचं ते एक छोटा संगणक ठरवायचा. त्यामुळे चोकचीही गरज उरली नाही. दांड्याच्या रिकाम्या भोकात मिस्त्रींनी इंजिनाच्या तब्येतीचा पिवळा दिवा बसवून दिला.

"एक ध्यानात ठेवा," मिस्त्री म्हणाले. "हे इंजिन एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं. हा सायलेन्सरच्या आधीचा डबा धूर स्वच्छ करतो. हा कोळशाचा डबा टाकीतली पेट्रोलची वाफ पिऊन घेतो. हा सेन्सर म्हणजे संगणकाचं नाक, धूर हुंगून वर कळवतो. यातल्या एकालाही हात लावलात तर बाकीचे रुसून बसतील."

"ते राहू दे हो. बाबांना कळता कामा नये, एवढं बघा," चिरंजीव म्हणाले.

मिस्त्री गालातल्या गालात हसले. "कागदपत्रांचं काय करताय? इंजिनाचा नंबर बदलला की कागदांवर..."

"ते सगळं तुम्हीच बघा," मेव्हण्यानं त्यांचं वाक्य मध्येच कापलं. मेव्हण्यासमोर कुणाचं वाक्य पुरं झाल्याची नोंद नाही.

आणि आता अंगणात गाडी सुरू होती, म्हणजे सुरू आहे असं किल्लीवरून समजायचं. आवाज नाही, धूर नाही, आणि वास तर नावालाही नाही. चिरंजीवांनी टाकीला नाक लावून पाहिलं.

"बाबा बसल्या बसल्या ओळखतील रे. ही त्यांची गाडीच नाही."

मेव्हण्यानं डोकं खाजवलं आणि त्याचे डोळे चमकले. "सोपं आहे, भावजी. गाडी सुधारलीय ना? आपण बिघडवू."

दोघेही लगेच गाडीखाली शिरले. आधी तो धूर स्वच्छ करणारा डबा काढला, त्याच्याबरोबर सेन्सरही आला, आणि मध्ये एक सरळ नळी ठोकून दिली. किल्ली फिरवली तशी खिडक्यांच्या काचा थरथरल्या. चिरंजीवांनी मेव्हण्याला कडकडून मिठी मारली.

"आला रे, आवाज आला. पण वास?"

वासासाठी कोळशाचा डबा काढला. टाकीतली वाफ मोकळी झाली आणि सीटवर येऊन बसली. चिरंजीवांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. शाळेत सोडायला येणारे बाबा त्यांना समोर दिसले. डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं निम्मं पेट्रोलनं.

"आता हा व्हॉल्व्हही काढतो," मेव्हणा म्हणाला.

"त्याचा काय उपयोग?"

"ते नाही माहीत. पण हात बसलाय तर काढून टाकतो."

व्हॉल्व्ह निघाला आणि पिवळा दिवा पेटला. गाडी बंद करून पाहिली, चालू करून पाहिली, डॅशबोर्डावर दोन चापट्या मारून पाहिल्या. दिवा विझेना. शेवटी मेव्हण्यानं दिवाच उपटला, त्या भोकात चोकचा जुना दांडा खोचला आणि मागे दोरीची गाठ मारली.

"बाबा दांडा ओढणार, दोरी ताणली जाणार, बाबा खूश."

आता धूर तेवढा राहिला होता, पण त्यासाठी काही करावं लागलं नाही. नाक गेलेल्या संगणकानं अंदाजपंचे पेट्रोल ओतायला सुरुवात केली आणि मागून असा काळाकुट्ट लोट निघाला की मेव्हणा दिसेनासा झाला. फक्त त्याचा आनंद ऐकू येत होता. लोट अंगणातून निघाला, रस्ता ओलांडून समोरच्या नर्सबाईंच्या दोरीवर गेला आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या गणवेशांवर जाऊन विसावला.

नर्सबाई फाटकाशी आल्या. "हे काय चाललंय?"

"काही नाही, गाडी पूर्वीसारखी केली."

"पूर्वीसारखी?" त्या म्हणाल्या. "पूर्वीचा धूर राखाडी होता. एवढी वर्षं बघतेय मी."

चिरंजीवांनी माफी मागितली, सगळे गणवेश गोळा केले आणि धुऊन द्यायचं कबूल केलं. घरात येऊन पाहतात तर वॉशिंग मशीन चक्क एका जागी उभं राहून फिरत होतं. त्याचा एक पाय आखूड होता, आणि कपडे पिळायला लागलं की ते दणदण करत मोरीतून स्वयंपाकघराकडे निघायचं.

"अंगणात तो जड डबा पडला होता ना, तो लावला पायाखाली," सूनबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या सगळ्या खटाटोपातलं एवढंच कामाचं निघालं. आता त्याला हात लावलात तर याद राखा."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ऐक, आम्ही उद्याच येतोय. गाडीच्या धुराच्या तपासणीची वेळ घेतलीय, आल्या आल्या जाऊ. आई पण येतेय गाडीतून."

"आई? गाडीतून?"

"गाडीतून म्हणजे गाडीतूनच. ठेवतो."

चिरंजीवांनी फोन ठेवला आणि मेव्हण्याकडे पाहिलं. गाडी गेल्या वर्षीसारखा आवाज करत होती, गेल्या वर्षीसारखी घाण मारत होती, बाबांना शंका येण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी बाबा फाटकातून आत आले ते बॅगा तिथेच टाकून थेट गाडीकडे. नवा शर्ट, विंचरलेले केस, लग्नाला निघाल्यासारखा चेहरा. आईही नीटनेटकी, हातात पर्स. बाबांनी स्वतः तिच्यासाठी दार उघडलं. असं काही घरात पूर्वी झालेलं नव्हतं, म्हणून सूनबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या.

बाबांनी किल्ली फिरवली. खाडखाड, धडधड, मागून काळा लोट, आणि आतून पेट्रोलचा असा भपका की आईनं मुकाट्यानं पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला.

बाबांचा चेहरा उतरला. सवयीनं त्यांचा हात चोककडे गेला. दांडा हातात आला, मागोमाग दोरी आली.

चिरंजीव खिडकीशी वाकले. "कशी आहे, बाबा? होती तशी आहे ना? आवाज, वास, सगळं?"

"होती तशीच आहे," बाबा म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली आणि हातातल्या दोरीकडे बघत राहिले. "मिस्त्री तर म्हणाले होते, नवं इंजिन छान बसलंय."

मेव्हण्यानं हातातला पाना पाठीमागे लपवला.

"तुम्हाला माहीत होतं?" चिरंजीवांनी कसंबसं विचारलं.

"मालक मी आहे, बाबा रे. इंजिन बदललं की कागदांवर मालकाची सही लागते. सहीसाठी मिस्त्रींनी त्याच दिवशी फोन केला. मीच त्यांना म्हटलं, बोलू नका, पोरं मला चकित करायचं म्हणतायत." बाबांनी दोरी वर उचलून धरली. "केलंत खरं."

"पण बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, गाडीला वास हवा."

"मग काय म्हणणार होतो? गळकी गाडी घेतली म्हणून चारचौघांत सांगू? हिला त्या वासानं मळमळतं. गाडी घेतली त्या दिवशी पहिल्याच वळणावर उतरली, ती आजवर बसनं फिरतेय. आणि मी एकटाच हिंडतोय गाडीतून, राजासारखा." ते आईकडे वळले. "हिला म्हटलं होतं, आता वास नाही, धूर नाही. आता चल."

आईनं रुमाल किंचित खाली घेतला. "इतक्या वर्षांनी फिरायला नेतायत," ती म्हणाली, "तेसुद्धा धूर दाखवायला."

चिरंजीवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांसाठी म्हणून त्यांनी जो वास जिवाचं रान करून परत आणला होता, त्या वासापायी आई आयुष्यभर बसच्या रांगेत उभी होती. आणि बाई, तुला काय वाटतं, असं तिला घरात कुणी विचारलंच नव्हतं.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते गाडीखाली डोकावले, बाहेर आले आणि मेव्हण्याला एकेक गायब भाग मोजून दाखवू लागले. या खेपेला मेव्हण्यानंही त्यांना बोलू दिलं. तपासणीची वेळ टळायच्या आत सगळं जागच्या जागी जायला हवं होतं. कोळशाचा डबा कोपऱ्यात सापडला, व्हॉल्व्ह मेव्हण्याच्या खिशात. दिवा बाबांनी स्वतः बसवला, बाह्या सरसावून. राहिला मोठा डबा.

सूनबाई मोरीच्या दारात हात आडवे करून उभ्या होत्या. "मशीनमध्ये नर्सबाईंचे कपडे आहेत."

"आईसाठी हवाय गं, ताई," मेव्हणा म्हणाला.

सूनबाईंनी हात खाली घेतले.

शेवटचा नट घट्ट झाला तेव्हा सगळेच घामाघूम होते. आई पुढच्या सीटवर बसली, रुमाल नाकाला लावूनच. बाबांनी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला आणि विझला. गाडी गप्प.

थोडा वेळ गेला. "अहो, सुरू करा ना आता," आई रुमालातून म्हणाली. "किती वेळ नुसतं बसायचं?"

बाबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. नर्सबाईंचं फाटक मागे सरकत होतं.

आईनं रुमाल जरासा बाजूला केला. बेतानं एक श्वास घेतला, मग दुसरा. मग रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. अंगणातून चिरंजीवांनी ते पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात खाडखाड, धडधड सुरू झालं. बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आला. पुन्हा आला तो आवाज."

"गाडीतला नाही, बाबा, तुम्ही निघा," असं म्हणत चिरंजीव घरात पळाले. वॉशिंग मशीन तीन पायांवर दणदणत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं. त्यांनी उडी मारून त्यावर बैठक मारली आणि मशीनबरोबर हादरत राहिले.

मेव्हणा मागोमाग आला. मशीनभोवती एक चक्कर मारली, वाकून मागच्या नळ्या बघितल्या. त्याचे डोळे चमकले.

"भावजी, यातलं एखादं काही काढून बघू का?"

सूनबाईंनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला.