मुठीतला बोपॉट

परीक्षकबाई चौथ्या टेबलाशी पोचल्या, तेव्हा नवव्या टेबलाशी मास्तरांचा उजवा हात मनगटापर्यंत फुलदाणीत अडकलेला होता.

"अहो, मूठ सोडा!" मास्तरीणबाई दातओठ खात पुटपुटल्या.

"मुठीत चिठ्ठी आहे."

"मग चिठ्ठी सोडा!"

"खाली पाणी आहे. शाई फुटेल."

पुष्परचना स्पर्धेत रचनेचं नाव मंडळाने दिलेल्या शिक्क्याच्या चिठ्ठीवरच लिहायचं, नाहीतर प्रवेश बाद, असा नियम होता. चिठ्ठी एकच मिळे. मास्तरांनी दोन दिवस खपून, शाईच्या पेनाने, त्यावर 'बोपॉट' असं लिहिलं होतं. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, साधं सोपं नाव कसं देईल? ती चिठ्ठी टेबलावर नीट लावता लावता सटकली आणि थेट फुलदाणीत पडली. मास्तरांनी ती पाण्याच्या वर अलगद झेलली खरी, पण सपाट गेलेला हात मूठ होऊन काही बाहेर येईना.

मास्तरीणबाई तीन वर्षं दुसऱ्या येत होत्या. पहिला नंबर दरवर्षी घरासमोरच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या आत्ताही शेजारच्या टेबलावरून गोड हसत होत्या.

"वहिनी, यंदा भाऊजींनाच मांडलंत वाटतं?"

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बेसिनवरचा साबण आणून मास्तरांच्या मनगटाला चोळला, फुलदाणी पिरगाळली, ओढली. फुलदाणीबरोबर मास्तरही आले. परीक्षकबाई सातव्या टेबलाशी पोचल्या होत्या.

ती मातीची फुलदाणी मास्तरीणबाईंनी कुंभाराच्या डोक्यावर बसून, तीनदा परत करून, हवी तशी घडवून घेतली होती. त्यांनी तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग हॉलच्या दाराला लटकत असलेलं भलंमोठं कुलूप उचलून आणलं.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

"अगं, हात माझा आहे!"

खाडकन आवाज झाला. सगळं पाणी मास्तरांच्या पँटवर. फुलदाणीचा पोटाचा भाग गेला आणि गळा तेवढा मनगटात कड्यासारखा राहिला. वर घट्ट मूठ, मुठीत कोरडी चिठ्ठी.

बाई क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांनी मास्तरांचं कोपर टेबलावर टेकवलं, मूठ वर केली आणि बोटांच्या फटींतून टेबलावरच्या फुलांचा एकेक देठ खोचायला घेतला. मागे लांब ग्लॅडिओला, पुढे गुलाब, कडेने नेचे. चिठ्ठी मधोमध, अक्षरं समोर.

"हलाल तर याद राखा."

परीक्षकबाई आल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"फुलांना पाण्याची सोय?"

मास्तरीणबाईंनी चिठ्ठी चुकवून पेलाभर पाणी मुठीवर ओतलं. ते कोपरावरून शर्टात शिरलं. मास्तरांची पापणीही हलली नाही.

"आणि बोपॉट म्हणजे?"

निवृत्त झाल्यापासून मास्तरांना कोणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता.

"जुन्या काळच्या इंग्रजीत फुलदाणीला म्हणायचे. गुच्छालाही. आता कोणी म्हणत नाही."

"पस्तीस वर्षं परीक्षक आहे मी," परीक्षकबाई म्हणाल्या, "पण इतकी जिवंत रचना पाहिली नाही."

पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा टाळ्या थांबेनात. प्रदर्शन संपेपर्यंत मास्तर हात वर करून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोपॉटचा अर्थ सांगत राहिले. सुखाने अगदी फुलून गेले होते. मास्तरीणबाई दर अर्ध्या तासाने पाणी घालत होत्या.

शेवटी डॉक्टरीणबाईंना राहवेना. "वहिनी, खरं सांगा. ही कल्पना... म्हणजे असली फुलदाणी मिळाली तरी कुठे?"

मास्तरीणबाईंनी पदराने मास्तरांच्या कोपराचं पाणी टिपलं.

"सासरची आहे," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं घरात नुसती पडून होती."