माप पाठवा

आमच्या पिकअपची मान वर केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची चारही चाकं माहेरी निघून गेली.

भांडण वगैरे काही झालं नाही. सकाळी अंगणात पाहिलं तर गाडी विटांवर उभी होती. विटा चाकांनीच लावून दिल्या होत्या, कारण ती चांगल्या घरची होती. बोनेटवर दगडाखाली चिठ्ठी होती. ‘आमचं ज्या गाडीशी ठरलं होतं ती मान खाली घालून चालायची. ही ती नव्हे. कळावे.’ माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, चिठ्ठी दोनदा वाचली, तिला छिद्र पाडलं आणि फाइलला लावली. दादा पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आहेत. घरातल्या प्रत्येक गोष्टीचं ते इतिवृत्त लिहितात. माझ्या लग्नाचंही लिहिलं आहे, साडेतीन पानं.

गाडीची मान वर झाली ती माझ्यामुळे. आमची नारायणगावजवळ रोपवाटिका आहे. टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना नेऊन द्यायची. पिकअप कंपनीतून येते ती पुढून थोडी खाली आणि मागून थोडी वर, म्हणजे मागे वजन टाकलं की सारखी व्हावी. पण रोपांना वजन कसलं. त्यामुळे आमची गाडी भरलेली असली तरी नाक खाली करूनच चालायची, ट्रे पुढे घसरायचे आणि पहिल्या रांगेतली रोपं केबिनच्या पत्र्याला चिकटून चेपायची. माझे वडील सिन्नरला फरशी बसवतात. लहानपणापासून मी उतार बघत आले आहे. लग्न होऊन दोन महिने झाले होते आणि तोपर्यंत मी या घरात ‘हो’, ‘आणते’ आणि ‘झालं’ याखेरीज फारसं काही बोलले नव्हते. एके दिवशी मी पाण्याची वाटी गाडीच्या हौद्यात ठेवली आणि म्हटलं, “गाडी पुढे वाकलेली आहे, म्हणून ट्रे घसरतात.”

माझ्या नवऱ्याने, सत्यजितने, वाटी हौद्यात आणखी दोन ठिकाणी ठेवून पाहिली. मग तो आळेफाट्याला गेला आणि पुढच्या बाजूला दोन इंचांचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे, टाकून आला. गाडी सरळ झाली. दादांनी नोंद केली, ‘सूनबाईंचे दोन इंच तात्पुरते मंजूर.’

गावात दुपारपर्यंत बोलणं सुरू झालं, की डुंबऱ्यांच्या, म्हणजे आमच्या, गाडीची मान वर झालीय, ती आता समोरच्याच्या डोळ्यांत बघते. पुढचं मी सांगितलंच.

अडचण अशी होती, की ओतूरच्या गोडसेकाकांची चाळीस हजार रोपं तयार होत होती. टोमॅटोचं रोप पंचविसाव्या दिवशी निघालं पाहिजे. अठ्ठाविसाव्या दिवशी ते लांबडं होतं आणि मग शेतात रुजत नाही, नुसतं उभं राहतं. चाकं गेली तो रोपांचा सातवा दिवस होता. दुसऱ्याचा टेम्पो मागण्याची सोय नव्हती, कारण ज्या घरातून चाकं निघून गेली आहेत त्या घराला कोणी गाडी देत नाही. दादांनी ठराव केला, की विसाव्या दिवसापर्यंत दुसरं स्थळ जमलं तर ठीक. नाही जमलं तर दोन इंच काढायचे आणि जुन्या चाकांना माफीचं पत्र देऊन परत आणायचं. पत्राचा मसुदा त्यांनी त्याच बैठकीत करून ठेवला. त्यात ‘सूनबाई नवीन असल्याने’ असे शब्द होते. मला वाचायला दिला होता, शुद्धलेखन तपासायला. चुका नव्हत्या.

सत्यजितने बाहेरच्या चाकांची चौकशी सुरू केली. गाडीच्या कंपनीने दिलेली ती घरची चाकं आणि दुकानातून आणलेली ती बाहेरची, असं म्हणतात. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, म्हणाल्या, “बाहेरचं आणायचं तर घराणं बघून आणावं.” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला नाही म्हणत.”

चाकांच्या बाबतीत रीत अशी आहे, की बघायलाही तीच येतात आणि पसंत पडलं तर नांदायलाही तीच येतात. जो नांदायला येणार त्याने आधी येऊन बघावं. मला ही रीत फार आवडली, पण मी तसं बोलले नाही.

मध्यस्थ होते आळेफाट्याचे मुलाणीचाचा. टायरच्या धंद्यात पस्तीस वर्षं, शेकडो गाड्यांचं त्यांनी जमवलं आहे. पहिलं स्थळ त्यांनी पुण्याचं आणलं. रुंद, काळी, चकचकीत अलॉयची चाकं होती. ती अंगणात आली आणि भिंतीला टेकलीच नाहीत, भिंत मळकी आहे म्हणाली. गाडीशेजारी उभी राहिली तर चार चार बोटं बाहेर दिसत होती. त्यांची अट होती, की मडगार्ड कापावं लागेल. सत्यजितने विचारलं, तुम्ही जरा आत नाही का येणार? आम्ही आत येत नसतो, असं ती म्हणाली. दादांनी ‘विचार करून कळवतो’ असं लिहून विषय संपवला.

दुसरं स्थळ मंचरचं. दिसायला नीटनेटकं, बोलायला गोड, आणि गाडीची मान वर असण्याला कसलीच हरकत नाही. आईंना पसंत पडलं. मी हवेची चौकशी करायला जवळ गेले, म्हणजे पाहुण्यांना हवा हवी का, तेव्हा मला एका चाकाच्या काठाला बारीक शिवण दिसली. मी सत्यजितला खुणावलं. त्या चाकाचं आधी एकदा रिमोल्ड झालं होतं, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलं होतं, आणि ते त्यांनी सांगितलं नव्हतं. रिमोल्ड होण्यात वाईट काही नाही, आई नंतर म्हणाल्या, पण सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी आईंनी मला विचारलं, “तुला ते कसं दिसलं?” मी म्हटलं, “फरशीचा जोड दिसतो तसं.”

अठराव्या दिवशी मुलाणीचाचांचा फोन आला. चाकणचं एक स्थळ आहे, कामसू, मातीतही चालेल आणि डांबरीवरही, फक्त आधी माप पाठवा. सत्यजित नर्सरीत होता, फोन आईंनी घेतला. बरं, म्हणाल्या, आणि फडताळातून पितळी माप काढलं. अडीच महिन्यांपूर्वी उंबऱ्यावर ठेवून मी जे पायाने लवंडलं होतं तेच. त्यांनी ते तांदळाने काठोकाठ भरलं, वर सुपारी ठेवली, फडक्यात बांधलं आणि दुपारच्या एसटीने कंडक्टरबरोबर पाठवून दिलं.

सत्यजित घरी आला तेव्हा म्हणाला, “आई, माप म्हणजे टायरचं माप गं. आकडा सांगायचा असतो.”

“मग आकडा म्हणायचं,” आई म्हणाल्या. “माप म्हटलं तर मी माप पाठवणार.”

दादांनी चष्मा काढला. ते म्हणाले, की मुद्दा वेगळाच आहे. बघण्याआधी माप पाठवलं, म्हणजे आपण गृहप्रवेशाचं आमंत्रण दिलं. होकार आपल्याकडून गेलेला आहे. मुलाणीचाचांना विचारलं तर तेही म्हणाले, की नियमाप्रमाणे तसंच आहे, आणि चाकं विसाव्या दिवशी सकाळी तयारीनिशी निघतील.

ती खरोखरच तयारीनिशी आली. व्हॉल्व्हवर नवी टोपणं, अंगावर हळदीचा ठिपका, आणि पुढच्या चाकाने ते माप सांभाळून आणलेलं. चारजणांच्या मागे पाचवं एक जरा अंतर ठेवून येत होतं. ती स्टेपनी. पाठराखीण म्हणून आली आहे, पाच दिवस राहील, असं मुलाणीचाचांनी सांगितलं. माझ्याबरोबरही पाठराखीण म्हणून माझी मावसबहीण वैजयंती आली होती. पाचव्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं आणि मी परत येऊन भांडी घासली होती.

आईंनी विचारलं, “थोडी हवा घेणार?”

“नको,” चारांतलं थोरलं चाक म्हणालं. “निघतानाच घेतलीय. बत्तीस.”

बोलणं सुरू झालं. थोरल्याने नीट, ओळीने विचारलं. गाडी कुठल्या सालची, किती चाललेली, कुठे ठोकलेली आहे का, घाटात गरम होते का. दादांनी कागद बघून उत्तरं दिली. गाडी एक शब्द बोलली नाही. अशा वेळी तिने बोलायचं नसतं. मग थोरलं चाक म्हणालं, की जरा चालून दाखवू दे. दादा म्हणाले, की चाकं नसल्यामुळे चाल दाखवता येत नाही. थोरल्याने थोडा विचार केला आणि ते मान्य केलं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. पहिल्याच नजरेत मला कळलं होतं, की ही चाकं बरोबर आहेत. जुन्यांपेक्षा बोटभर उंच, थोडी रुंद, नक्षी खोल पण बडबडी नाही. उभी होती ती सरळ. रोपं यांच्यावर नीट बसली असती.

तेवढ्यात थोरलं चाक म्हणालं, “सगळं पसंत आहे. एकच गोष्ट. मान तेवढी खाली घ्यावी लागेल. गाडीने इतकं समोर बघू नये. आमच्याकडे तशी पद्धत नाही.”

दादांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन इंचच तर, असं म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. विसावा दिवस होता, दारात चांगलं स्थळ होतं, माप गेलेलं होतं. सत्यजितने माझ्याकडे पाहिलं आणि मग विटांकडे पाहिलं. तो वाईट माणूस नाही, पण चाळीस हजार रोपं त्याच्याही डोळ्यांपुढे होती. मला ‘सूनबाई नवीन असल्याने’ हे शब्द आठवले. त्या पत्राची आता गरज नव्हती, पण शब्द खरे ठरणार होते. दोन इंच जाणार होते, आणि या घरातलं माझं एकुलतं एक वाक्य त्यांच्याबरोबर जाणार होतं.

मी चहाचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि बाहेर आले.

“दादा, लिहायच्या आधी एक करू या,” मी म्हटलं. “गाडी पुढून दोन इंच खाली घेऊ. आणि यांनी आत उभं राहून एकदा पूर्ण वळून दाखवावं.”

थोरलं चाक म्हणालं, “वळण्यात आमचा हात कोणी धरत नाही.”

“मग हरकत नसावी,” मी म्हटलं.

मुलाणीचाचांनी मिशीवरून हात फिरवला. सत्यजितने जॅक लावला, पुढची एकेक वीट काढली, गाडी खाली आली. थोरलं चाक मडगार्डखाली जाऊन उभं राहिलं. आधी डावीकडे वळलं. मग उजवीकडे वळायला लागलं, आणि अर्ध्यावरच चर्र असा आवाज आला. मडगार्डच्या आतल्या कडेला ते घासत होतं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज, आणि जळक्या रबराचा वास. पाहुण्याच्या बाबतीत असं झालं की दुसरीकडे बघायचं असतं, म्हणून आम्ही सगळे पेरूच्या झाडाकडे बघत होतो.

मग मी सत्यजितला विटा परत लावायला सांगितल्या. गाडीची मान वर झाली. थोरलं चाक डावीकडे पूर्ण वळलं, उजवीकडे पूर्ण वळलं, आणि तरी वर एक बोट जागा उरली.

“तिने मान खाली घातली,” मी म्हटलं, “तर तुम्हालाच वळता येणार नाही.”

थोरल्या चाकाने त्या बोटभर जागेत आणखी एकदा दोन्हीकडे वळून बघितलं. मग म्हणालं, “हे आम्हाला कारखान्यात कोणी सांगितलं नव्हतं.” आणि माझ्याकडे वळून, “या कोण?”

दादा बोलणार होते, पण आईंनी आधी उत्तर दिलं. “आमची सून,” त्या म्हणाल्या. नवी म्हणाल्या नाहीत. माझ्या ते लक्षात आलं.

गृहप्रवेश अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला. अंगणाच्या फाटकात माप ठेवलं. पुढच्या उजव्या चाकाने ते लवंडायचं असतं, तो मान थोरल्याकडे गेला. आईंनी फाटक अडवलं आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. थोरलं चाक लाजलं. चाकं लाजली की जराशी मागे सरकतात. मग त्याने घेतलं :

“घाटाच्या वळणावर हॉर्न वाजवा जोरात,
पिकअपचं नाव घेतं डुंबऱ्यांच्या दारात.”

तांदूळ पार पेरूच्या झाडापर्यंत गेला. आई म्हणाल्या, “माझा तुळशीपर्यंतच गेला होता.” मुलाणीचाचांनी एकेक नट आवळून दिला आणि चहा घेऊन गेले.

पंचविसाव्या दिवशी आम्ही ओतूरला निघालो. मी हौद्यात ट्रेंच्या मधोमध पाण्याची वाटी ठेवली होती. गोडसेकाकांनी आधी रोपं मोजली नाहीत, वाटीकडेच बघितलं. तिच्यातलं पाणी सांडलं नव्हतं. चेपलेलं रोप एकही नव्हतं. परत आल्यावर दादांनी वही उघडली, ‘तात्पुरते’ हा शब्द पट्टी ठेवून खोडला, वर ‘कायम’ लिहिलं आणि बाजूला सही केली. माफीचा मसुदा फाइलमध्येच राहिला. दादा कागद फाडत नाहीत.

त्याच संध्याकाळी स्टेपनीचे पाच दिवस संपले. ती ओसरीवर तयार होऊन बसली होती, सत्यजित तिला चाकणच्या गाडीत बसवून देणार होता. आई कणीक मळत होत्या. हात न धुताच बाहेर आल्या.

“राहू दे तिला,” आई म्हणाल्या. “पाठराखणीने पाचव्या दिवशीच जायचं, हे कोणी ठरवलंय? परक्या घरात एक तरी माणूस आपलं असावं.”

हे त्या स्टेपनीकडे बघून म्हणाल्या नाहीत.

सत्यजितने स्टेपनीला गाडीखाली तिची जागा करून दिली. मी आत जाऊन वैजयंतीला फोन लावला आणि विचारलं, येशील का, कितीही दिवस. मागे तिच्या शिलाई मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला.

“येते की,” वैजयंती म्हणाली. “पण मागच्या वेळी मी तुझ्यामागून आले होते. आता आधी माप पाठव.”

मी फडताळातून पितळी माप काढलं. आईंनी तांदळाचा डबा माझ्याकडे सरकवला.