उजवीकडे वळायचं होतं

"चालत घरी आली तर ठेवू," सोनालीने सांगितलं होतं. "ओढून आणावी लागली, तर तशीच परत. मान्य?"

अभयने मान्य केलं होतं. तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण "पाहिजे तर बाबांना पाठव, साक्षीदार म्हणून," असंही तो म्हणून बसला. त्यामुळे रविवारी सकाळी मांजरी गावातल्या गॅरेजसमोर त्याचे सासरे गोपाळकृष्ण, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता, हात मागे बांधून उभे होते. धरणाच्या भिंतीत भेग शोधावी तसे ते गाडीकडे बघत होते.

गाडी एकोणीसशे चोपन्न सालची. मोरपंखी रंग, गोल दिवे, घोडनवरीसारखी चकाकणारी. कंपनीने अभयला इंग्लंडला पाठवलं होतं, तिथे रविवारी जुन्या गाड्या घेऊन रमतगमत फिरणारी माणसं त्याने पाहिली होती. तेव्हापासून हिंजवडीतल्या प्रत्येक मीटिंगमध्ये त्याला आपण अशा एका गाडीच्या स्टीअरिंगमागे बसलोय असं दिसायचं.

गॅरेजवाला श्याम हात पुसत म्हणाला, "सायेब, येक ऱ्हायलंय. हिला इंडिकेटर न्हाईत. त्या काळी नव्हतेच. चार बारके दिवे बसवून देतो, आत्ता हुतंय."

"नको. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल."

"मग वळताना?"

"हात दाखवायचा. नियमच आहे तसा."

श्यामने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा अभयच्या हाताकडे. "बघा बुवा," तो म्हणाला आणि किल्ली दिली.

उजवीकडे, पहिल्यांदा

मांजरीहून येणारा रस्ता सोलापूर रस्त्याला मिळतो. पुणे तिथून उजवीकडे. अभयने खिडकीतून हात बाहेर काढला, सरळ, खांद्याच्या रेषेत, पुस्तकात दाखवतात तसा.

मागचा स्कूटरवाला वेग वाढवून हाताशेजारी आला. "काय, पत्ता विचारायचाय?"

"नाही हो. वळायचंय."

"मग वळा की! हात कशाला?"

तेवढ्यात मागच्या सगळ्यांनी त्या हाताचा अर्थ "या, पुढे व्हा" असा घेतला आणि ते उजव्या अंगाने पुढे झाले. टेम्पो झाला, रिक्षा झाली, एक अख्खी एसटी झाली. अभय दबत दबत डावीकडे सरकला, आणि सरकता सरकता हमरस्त्याला लागला.

"अभयराव," थोड्या वेळाने गोपाळकृष्ण म्हणाले, "हा सोलापूरचा रस्ता."

"माहिती आहे, बाबा."

"आपण धायरीला राहतो."

"तेही माहिती आहे."

"नाही, मला वाटलं वेगळा काही बेत असेल."

लोणीच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थिजली. तिच्या आडोशाने अभयने गाडी फिरवली. ट्रॉलीवाल्याला त्याने मनोमन हात जोडले. बाहेर हात काढायची आता त्याला भीती वाटत होती.

उजवीकडे, दुसऱ्यांदा

पेट्रोल पंप उजव्या हाताला होता. पुन्हा हात. सिग्नलला उभ्या असलेल्या पोराने त्या हातात 'दोन बीएचके, स्विमिंग पूलसह' असा कागद ठेवला. अभयने कागद टाकून हात पुन्हा सरळ केला. आता एका बाइकवरच्या मुलीने त्यावर टाळी दिली. "ऑसम कार, अंकल!"

"बाजूला व्हा, मला वळायचं आहे!"

"अंकल, चिल!" म्हणून ती पुढे गेली. पंपही मागे गेला.

"गाडी मात्र बंद पडली नाही अजून," गोपाळकृष्णांनी नोंद घेतली. त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती.

उजवीकडे, तिसऱ्यांदा

ते राहू द्या.

उजवीकडे, चौथ्यांदा

नशिबाने पुढचा पंप डावीकडे निघाला. कात्रजवरून, नऱ्ह्याच्या अंगाने, बाह्यवळणाला शिव्या देत गाडी धायरीत शिरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सोसायटीचं फाटक समोर दिसत होतं. फाटकात सोनाली आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिच्यामागे अर्धी सोसायटी. कांताबाईंनी नारळसुद्धा आणला होता.

फाटक उजवीकडे होतं.

अभयने आरसा पाहिला, वेग कमी केला आणि सगळी उरलीसुरली श्रद्धा गोळा करून हात बाहेर काढला.

फाटकातल्या सगळ्यांनी उलट हात हलवले. लहान पोरं उड्या मारून ओरडली, "टाटा काका!" समोरून येणाऱ्या पाण्याच्या टँकरला वाटलं आपल्याला बोलावलं, तो सरसावून पुढे आला. त्याच्यामागे एक मिनीडोर, त्याच्यामागे दुसरा टँकर, आणि मागचे सगळे भोंगे वाजवत अभयला पुढे रेटत...

"अभयराव, ते आपलंच घर होतं ना?"

रेटत फाट्यापर्यंत घेऊन गेले. फाट्यावरून डावीकडे खडकवासला. गाडी खडकवासल्याला निघाली.

अभयला एवढंच दिसत होतं की इंजिन घड्याळासारखं चालतंय, गिअर लोण्यासारखे पडतात, सत्तरी ओलांडलेल्या या बाईने आज एकदाही तक्रार केलेली नाही, आणि तरीही ती घरी पोचणार नाही. पेट्रोल पुन्हा तळाला जाईल, तिला दोरी बांधून आणावी लागेल, आणि उद्या ती मांजरीला परत जाईल. कुठलाही दोष नसताना.

धरणाकाठी रविवारची गर्दी होती. कणसं, भजी, फुगे. अभयने गाडी डाव्या कडेला घेतली आणि कपाळ स्टीअरिंगवर टेकलं.

"उतरा," गोपाळकृष्ण म्हणाले.

"कशाला?"

"उतरा म्हणतो ना. इकडे येऊन बसा."

"बाबा, तुमच्याकडे लायसन्स..."

"तुमच्या जन्माआधीचं आहे."

गोपाळकृष्ण चष्मा पुसून बसले. खिडकीची काच त्यांनी वर केली. आरशात पाहिलं नाही. मागे पाहिलं नाही. भोंग्यावर तळहात ठेवला, तो उचलला नाही, आणि स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं.

अभयने डोळे मिटले.

करकचून ब्रेक लागल्याचे आवाज झाले. एक, मग अनेक. त्याने डोळे उघडले तेव्हा मोरपंखी गाडी रस्त्यात आडवी होती, दोन्हीकडची वाहनं जागच्या जागी थांबली होती आणि एक बाइकवाला खिडकीशी येऊन ओरडत होता, "ओ आजोबा! हात नाही का दाखवायचा?"

गोपाळकृष्णांनी काच बोटभर खाली केली. "गाडी दिसली ना तुम्हाला?"

"दिसली!"

"मग झालं." काच वर गेली.

धायरी फाट्यावर पुन्हा उजवीकडे वळायचं होतं. ते पुन्हा तसेच वळले. हवालदाराने शिट्टी फुंकायला घेतली, गाडीतल्या माणसाची मुद्रा पाहिली आणि कुणी निवृत्त साहेब असावेत म्हणून सलाम ठोकला. गोपाळकृष्णांच्या चेहऱ्यावर सेवेत असतानाचं काहीतरी परत आलं होतं. अभयला ते अजिबात आवडलं नाही.

फाटकात आरती झाली. नारळ फुटला. सोनालीने ताट कांताबाईंच्या हाती देऊन वडिलांना विचारलं, "बाबा, खरं सांगा. फाटकावरून पुढे गेलात ते एवढा वेळ कुठे होतात? कुठे बंद पडली होती?"

अभय सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

गोपाळकृष्णांनी गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घातली. पुढचं बॉनेट हाताने थोपटलं.

"एकदाही नाही. गाडीत काही दोष नाही," ते म्हणाले. "ठेवा."

"ठेवू या मग," सोनाली म्हणाली.

"थँक्यू, बाबा!" म्हणत अभयने किल्लीसाठी हात पुढे केला.

गोपाळकृष्णांनी त्या पुढे आलेल्या हाताकडे क्षणभर पाहिलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि जिना चढता चढता म्हणाले, "पुढच्या रविवारी सातला निघू. तुम्ही मागे बसा, अभयराव. हात आत ठेवून."