हिवरखेड मुक्कामी कूलरासमोरील जागा सर केल्याची हकीकत

प्रथम वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हास मुजरा, ज्याची जरब ऐशी की अमरावतीपासून अकोल्यापावेतो दुपारी कुत्रेही रस्ता ओलांडेना. आणि मग ज्याच्या आसऱ्याने माणसे तगली त्या पत्र्याच्या कूलरास मुजरा. त्या कूलरासमोरील जागेकरिता जे युद्ध जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घातले असेल तर ते चवीपुरते मीठ जाणावे.

हिवरखेडचे कास्तकार वामनराव, घराण्यात वडील, यांचे घरी दर उन्हाळ्यात सगळे गणगोत जमा व्हावे ऐसा शिरस्ता. त्याप्रमाणे धाकटे बंधू नत्थुजी पुत्र गोपाल यासह अकोल्याहून निघाले, आणि भगिनी बेबीताईसाहेब अमरावतीहून निघाल्या, आणि अकोटच्या बसस्थानकावर दोन्ही फौजा एक होऊन, खिडकीतून रुमाल टाकून जागा काबीज करीत, एसटीने हिवरखेडी दाखल जाहल्या.

दुसरे दिवशी आमरसाची पंगत. घरचा कायदा ऐसा की, रसाच्या वाट्या जो सर्वांहून अधिक रिचवील त्याने जेवणानंतर कूलरासमोरच्या गादीवर खासे निजावे, आणि बाकीच्यांनी भिंतीकडेला मिळेल तो वारा गोड मानावा. हे तख्त कैक साल नत्थुजींकडे चालत आले होते, आणि यंदाही त्यांनीच राखिले. बायांची पंगत सदा शेवटची, तोवर पातेल्यात रस खरवडण्यापुरता उरे, म्हणोन त्या या रणात कधी उतरल्याच नाहीत, आणि हे कोणा मर्दास कधी खटकलेही नाही.

ते दुपारी वामनरावांचे कुटुंब माणिकबाई, पहाटेपासून चुलीपुढे घामाने निथळलेल्या, हात पदरास पुसत आत आल्या, आणि कूलरासमोर एक श्वासभर उभ्या राहिल्या, आणि डोळे मिटले. तो वामनरावांनी पडल्या जागेवरून फर्माविले, "सरक ना बाजूले, वारा अडून राहिला." माणिकबाई निमूट सरकल्या. हे बेबीताईसाहेबांनी दारातून देखिले, आणि त्यांचे पित्त खवळले.

माजघरात मसलत बसली. बेबीताईंनी पुसिले की वहिनीसाहेबांच्या मनात काय आहे. माणिकबाईंनी बराच वेळ भांडी घासली, आणि मग म्हणाल्या, "खरं सांगू का बेबी? मले एकदा तिथं निजायचं हाय. कूलर घेतल्यापासून मनात हाय. पन लोक काय मनतीन?" इतके बोलून, काही पाप कबूल केल्यासारख्या, पुन्हा कूलरात ओतावयाची पाण्याची बादली उचलावयास निघाल्या. बेबीताईंनी बादली धरिली आणि हुकूम सोडला, "ठेव ते खाली. आज कोनी पानी टाकायचं नाई."

ऐसा वेढा बसला. गनिमाचे पाणी तोडावे ही मसलत थोर सेनानींची. येथे ती एका बादलीने तडीस गेली. घटकेत कूलराच्या गवती ताट्या वाळल्या, आणि मग वारा गरम जाहला, आणि मग तख्तावर नत्थुजी उलटेपालटे होऊ लागले. "काहून रे गोपाल, हा गरम हवा काहून फेकून राहिला?" ऐसे विचारिता गोपालने मोटार जळाल्याचा निर्वाळा दिला, आणि पेचकस आणून कूलराची पाठ उघडिली, आणि चार स्क्रू काढिले, त्यातील एक आजतागायत सापडला नाही. कूलर बरा न होता उलट खडखडू लागला.

अखेर वामनराव जातीने माजघराच्या दाराशी आले. बेबीताई वकिलीस पुढे जाहल्या. "दादा, त्याले काई नाई झालं. त्याले पानी लागते."

"पन मंग रोज पानी कोन टाकते?" वामनरावांनी पुसिले.

वामनरावांनी माणिकबाईंकडे पाहिले, आणि मग बादलीकडे, आणि त्यांस फार लाज वाटली. तह तेथेच ठरला: उद्यापासून पाणी मर्दांनी भरावे, बायांनी पहिल्या पंगतीस बसावे, आणि मर्दांनी वाढावे.

नत्थुजींनी दात काढून कबुली दिली की, तह मंजूर, परंतु तख्त वाट्यांवरच मिळेल, कायदा तो कायदा. त्यांस फत्तेचा भरवसा होता. परंतु दुसरे दिवशी माणिकबाई बसल्या, आणि नत्थुजी वाढू लागले, आणि माणिकबाई पिऊ लागल्या. घाई नाही, गवगवा नाही, वाटी रिकामी जाहली की नुसती पुढे सरकविणे. जन्मभर रस पिळून दुसऱ्यांस वाढिला, त्याचा सगळा हिशेब त्या दिवशी चुकता होत होता. नत्थुजींचे तोंड उतरत चालले, "वैनी, पोट दुखन हो," ऐसी धमकीही देऊन पाहिली, आणि मग पळी पातेल्याच्या बुडास लागोन वाजली. मर्दांच्या वाट्यास पोळी आणि लोणचे आले. रसाविना लढाई कैसी व्हावी, म्हणोन नत्थुजींनी शस्त्र खाली ठेविले.

मग माणिकबाई तख्तनशीन जाहल्या. गोपालने बटण दाबिले, आणि वारा सुटला, आणि थोड्याच वेळात त्या बोलल्या, "थंडी वाजून राहिली." कूलर हळू करावा काय, ऐसे विचारिता त्या कडाडल्या, "हात नको लावजो! गोधडी आन." ऐन वैशाखात गोधडी निघाली, आणि माणिकबाई ती गळ्यापर्यंत ओढून सुखाने पहुडल्या.

तितक्यात वामनराव उन्हात बादल्या ओतून, सदरा घामाने भिजलेला, आत आले, आणि कूलरासमोर एक श्वासभर उभे राहिले, आणि डोळे मिटले.

गोधडीखालून, डोळे न उघडता, फर्मान सुटले, "अवो, सरका ना बाजूले. वारा अडून राहिला."

वामनराव निमूट सरकले. येणेप्रमाणे जागा फत्ते जाहली, ती ध्यानी असावी म्हणोन लिहून ठेविली. कूलरात पाणी ओतण्याची पाळी आमची आली, सबब येथेच पुरे.